बदक मोबाइलमध्ये, बंदूक भंगारात

इन्स्टा उघडलं की आठवड्यातून एखादं तरी असं रील समोर येतंच. पिक्सेलवाली अक्षरं, मागे मारिओचं संगीत आणि खाली ओळ, 'हे ओळखलंत तर तुमचं बालपण भारी होतं!' कमेंटमध्ये काका, मामा, दादा, ताई सगळे हजर. कुणाला कॉन्ट्राचा तीस लाइफवाला कोड अजून तोंडपाठ असतो, कुणाला कॅसेटमध्ये फुंकर मारल्याचं आठवतं. आणि त्यावर लाइक ठोकणाऱ्यांत तुम्ही-आम्हीही असतो, ज्यांचा जन्मच मुळी २००० नंतरचा.

त्यात वाईट काही नाही. जुन्या गाण्यांसारखी जुन्या गेमचीही ओढ लागते, मग तो काळ आपला असो वा नसो. पण आज एक छोटासा प्रयोग करून बघा. त्या रीलमधला मारिओ किंवा कॉन्ट्रा तुम्हाला फोनवर दोन मिनिटांत मिळेल. आता 'डक हंट' शोधा. तोही मिळेल. गवतातून बदकं उडतील, नेम चुकला की तो आगाऊ कुत्रा दात काढेल. फक्त तुम्ही बदकं मारणार कशानं? बोटानं. स्क्रीनवर टकटक करून.

पण डक हंट म्हणजे बंदूक! ती प्लॅस्टिकची, वायर लावलेली, ट्रिगर दाबला की 'खटॅक' वाजणारी. तिच्याशिवायचा डक हंट म्हणजे बॅटशिवायचं क्रिकेट.

आज या पानावर बोलायचंय ते नेमकं यावरच. जुने गेम बऱ्यापैकी वाचले. फाइल झाले, कॉपी झाले, जगभर पसरले. पण ज्या वस्तू हातात धरून, अंगावर चढवून, तोंडासमोर धरून ते खेळले जायचे, त्या वस्तू चालल्या आहेत. कुठे माळ्यावर पडून, कुठे भंगारवाल्याच्या गाडीवरून. त्यांचं कुणाला फारसं काही वाटत नाही, कारण रीलमध्ये त्या दिसतच नाहीत.

बंदूक चालायची कशी?

आधी ही बंदूक समजून घेऊ, कारण सगळी मेख तिच्यातच आहे.

लहानपणी सगळ्यांना वाटायचं की बंदुकीतून काहीतरी किरण निघतो आणि टीव्हीला लागतो. प्रत्यक्षात उलटं आहे. बंदुकीतून काहीच निघत नाही. ती बघते. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. तुम्ही ट्रिगर दाबला की टीव्हीचा पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर नेम लागला. बदकं दोन असतील तर चौकोन एकापाठोपाठ एक येतात आणि उजेड कितव्या वेळी दिसला यावरून कुठलं बदक पडलं ते ठरतं. हा सगळा खेळ डोळा लवायच्या आत होतो. आधी अंधार तपासला जातो तो उगाच नाही. नाहीतर कुणीही बंदूक ट्यूबलाइटकडे धरून सगळी बदकं पाडली असती.

आता यातली गोम बघा. हे जमायचं ते फक्त जुन्या डब्बा टीव्हीवर. त्या टीव्हीची काचेची नळी पडद्यावर ओळीमागून ओळ असं चित्र काढायची, जपान-अमेरिकेत सेकंदाला साठ वेळा, आपल्याकडे पन्नास वेळा. गेमनं 'पांढरा चौकोन' म्हटलं की तो त्याच क्षणी उमटायचा. आजचा एलईडी टीव्ही आधी चित्र घेतो, त्याच्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. हा उशीर आपल्या डोळ्यांना कळतही नाही, पण बंदुकीला कळतो. ती ठरलेल्या क्षणी बघते तेव्हा समोर काहीच नसतं. म्हणजे तुमच्या माळ्यावर आज ती बंदूक अगदी धडधाकट सापडली, कन्सोलही चालू झाला, तरी हॉलमधल्या ४३ इंची टीव्हीवर एकही बदक पडणार नाही. बंदूक मेलेली नाही. तिचा टीव्ही मेलाय.

नंतर निन्टेन्डोनं हा गेम वी यू या कन्सोलवर परत आणला, पण तिथे हातात वी रिमोट होता. आता नव्या टीव्हीवर चालणाऱ्या, आत कॅमेरा असलेल्या बंदुकाही निघाल्यात. छान आहेत, पण त्या नव्या वस्तू आहेत. जुन्या वस्तूची सोबत टीव्हीशी होती आणि ती जोडी तुटली.

एक गोष्ट जाता जाता. डक हंटमध्ये एका बदकाचा खेळ लावला की दुसऱ्या रिमोटनं ते बदक उडवता यायचं. म्हणजे धाकट्या भावंडाला नुसतं बघत बसायची गरजच नव्हती! किती घरांत हे कुणाला माहीत होतं, ते आज रात्री जेवताना विचारा.

रोबो, हातमोजा आणि शिलाई मशीन

बंदूक निदान लोकांना आठवते तरी. तिची बाकीची भावंडं तर विस्मरणातच गेली आहेत.

टीव्हीला जोडायचा घरगुती गेम कन्सोल पहिल्यांदा बाजारात आला १९७२ मध्ये, अमेरिकेत. नाव मॅग्नावॉक्स ओडिसी. त्याला रंग दाखवता येत नव्हते, म्हणून सोबत पारदर्शक रंगीत प्लॅस्टिकचे कागद यायचे. ते टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे आणि मागे हलणारा पांढरा ठिपका म्हणजे तुमचा खेळाडू. याच ओडिसीसाठी नेमबाजीची रायफल वेगळी विकत मिळायची. म्हणजे 'जोडायच्या वस्तू' ही नंतर सुचलेली चैन नाही. त्या पहिल्या दिवसापासून आहेत.

१९८३ मध्ये निन्टेन्डोनं जपानमध्ये फॅमिकॉम आणला. त्याच्या दुसऱ्या रिमोटवर चक्क मायक्रोफोन होता. झेल्डाच्या पहिल्या गेममध्ये मोठ्या कानांचा एक शत्रू आहे. जपानी मुलं रिमोट तोंडाजवळ धरून ओरडायची आणि तो शत्रू मरायचा. अमेरिकेत गेलेल्या मशीनच्या रिमोटवर मायक्रोफोनच नव्हता, पण सोबतच्या पुस्तिकेत मात्र 'याला मोठा आवाज आवडत नाही' हे वाक्य तसंच राहिलं. तिकडची मुलं बिचारी डोकं खाजवत बसली असणार. आज बऱ्याच इम्युलेटरमध्ये ओरडण्याऐवजी एक बटण दाबायचं असतं. शत्रू मरतो, पण घरचे 'काय ओरडतोयस रे?' म्हणत धावून येत नाहीत.

मग १९८५. अमेरिकेत दोन वर्षांपूर्वीच व्हिडिओ गेमचा धंदा जोरात आपटला होता. दुकानदारांना गेमचं नावही नको होतं. निन्टेन्डोनं शक्कल लढवली आणि कन्सोलसोबत एक छोटा रोबो दिला. नाव आर. ओ. बी., म्हणजे रॉब. 'हा व्हिडिओ गेम नाही हो, हे तर खेळणं आहे,' असं म्हणायची सोय झाली. रॉब हात फिरवायचा, भोवरे उचलायचा, ठोकळे रचायचा. त्याचे डोळे म्हणजे बंदुकीसारखेच प्रकाशाचे सेन्सर. टीव्हीच्या पडद्यावर होणारी उघडझाप बघून त्याला हुकूम कळायचे. त्याच्यासाठी आयुष्यभरात दोनच गेम निघाले, जायरोमाइट आणि स्टॅक-अप. पण त्यानं मशीनला दुकानाचं दार उघडून दिलं. आणि हो, नव्या टीव्हीसमोर रॉबही आंधळाच.

१९८९ मध्ये मॅटेलनं पॉवर ग्लोव्ह विकायला काढला. अंगठ्यापासून कोपराजवळपर्यंत चढवायचा हातमोजा. बोटं वाकवली की कळायचं, हात कुठे आहे ते आवाजाच्या लहरींवरून कळायचं आणि त्यासाठी टीव्हीच्या चौकटीभोवती मायक्रोफोनची पट्टी लावायची. त्यामागची कल्पना आली होती व्हीपीएल रिसर्च या कंपनीच्या डेटाग्लोव्हवरून, म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटीच्या अगदी सुरुवातीच्या संशोधनातून. खेळायला तो वैताग होता, खास त्याच्यासाठी केलेले गेम दोनच आणि लवकरच तो बंदही पडला. पण आज मॉलमध्ये व्हीआरचा हेडसेट चढवून तुम्ही हवेत हात हलवता ना, ते घरोघरच्या मुलांच्या हातात द्यायचा एक पहिलावहिला प्रयत्न हा होता.

अजून गंमत हवी? निन्टेन्डोच्या गेमबॉयला १९९८ मध्ये कॅमेरा आला. फोटोचा आकार १२८ बाय ११२ ठिपके, रंग म्हणजे करड्या रंगाच्या चार छटा. जोडीला छोटा प्रिंटर. नील यंग या गायकाच्या २००० सालच्या 'सिल्व्हर अँड गोल्ड' अल्बमच्या मुखपृष्ठावरचा फोटो याच कॅमेऱ्यानं काढलाय. गेमबॉयला जोडायचं शिलाई मशीनही होतं. खरंच! सिंगरचं 'आयझेक'. गेमबॉयवर नक्षी निवडायची आणि मशीन ती शिवून द्यायचं. २००३ मध्ये हिदेओ कोजिमांच्या 'बोकताई' या गेमच्या कॅसेटवर ऊन मोजणारा सेन्सर होता. हातातल्या मशीनवर ऊन पडलं तरच व्हॅम्पायर मारायची बंदूक चार्ज व्हायची. हा गेम जुलैत कोकणात खेळायचा म्हणजे व्हॅम्पायरचीच चांदी.

आणि २००२ मध्ये कॅपकॉमनं एक्सबॉक्ससाठी 'स्टील बटालियन' काढला, तेव्हा त्याचा कंट्रोलर जेवणाच्या टेबलावर मावेल न मावेल एवढा होता. चाळीसएक बटणं, दोन मोठे दांडे, पायाशी तीन पेडल. तुमचं यंत्र नष्ट होत असताना झाकणाखालचं 'इजेक्ट' बटण वेळेत दाबलं नाही, तर पात्र तर मरायचंच, पण तुमचा सेव्ह केलेला सगळा खेळही पुसला जायचा. आता असा कंट्रोलर फोनच्या स्क्रीनवर कसा आणणार, सांगा.

फाइल उरते, बाकी उडून जातं

'ठीक आहे, वस्तू गेल्या तर गेल्या, गेम तर आहे ना,' असं तुम्ही म्हणाल. पण काही वेळा वस्तू गेली की गेमही जातो.

गेमबॉय कॅमेऱ्याचंच घ्या. त्यात तीस फोटो मावायचे आणि ते टिकायचे आतल्या नाण्याएवढ्या सेलच्या जिवावर. सेल संपला की फोटो गेले. कॉम्प्युटरला जोडायची सोय कंपनीनं दिलीच नव्हती, म्हणजे कागदावर छापून घेणं हाच मार्ग. आणि कागद कसला, तर एसटीत कंडक्टर मशीनमधून काढून देतो त्या तिकिटासारखा. तो कागद काही वर्षांत कोरा होतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यावेळच्या कुणाच्या तरी आजीचा, कुत्र्याचा, शाळेतल्या मित्राचा करडा फोटो अशा मरत चाललेल्या सेलवर आजही कुठेतरी तग धरून असेल.

याहून मोठं उदाहरण सॅटेलाव्ह्यूचं. १९९५ ते २००० या काळात जपानमध्ये सुपर फॅमिकॉमला खालून जोडायचं हे यंत्र होतं. गेम उपग्रहावरून प्रसारित व्हायचे. काही गेम तर ठरल्या वेळीच खेळता यायचे, आपल्याकडे रविवारी सकाळी सगळे 'महाभारत' बघायला बसायचे तसे. त्याच वेळी उपग्रहावरून कलाकारांचा आवाज यायचा आणि गोष्ट सांगितली जायची. वेळ संपली की खेळ संपला. पुढे प्रसारणच बंद झालं. आज जगभरातले हौशी लोक जुनी मेमरी पॅक शोधून त्यात अर्धवट उरलेला डेटा वाचवतात. आवाजाचं तर असं की, कुणी त्यावेळी टीव्हीवरून टेपवर उतरवून घेतला असेल तेवढाच उरलाय.

आकड्यातच हवं असेल तर अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनचा २०२३ मधला अभ्यास आहे. २०१० च्या आधी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात रीतसर विकत मिळत नाहीत. संशोधकांना असे गेम लायब्ररीतून दूरस्थपणे बघता यावेत म्हणून तिथे कायद्यात सवलत मागितली गेली. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसनं २०२४ मध्ये ती नाकारली. आणि ही मोजदाद फक्त गेमची. बंदुका, मोजे, रोबो यांची नाही.

आपल्या घरातला 'टीव्ही गेम'

आता आपल्याकडे या. कारण इथला मामला वेगळा आहे आणि जास्त काळजीचा आहे.

नव्वदच्या दशकात आपल्या घरांत आला तो निन्टेन्डो नव्हताच. मूळ मशीन परवडणार कुणाला? १९९५ मध्ये सेगानं शॉ वॉलेसबरोबर करार करून मेगा ड्राइव्ह भारतात आणला, तेव्हा एका मशीनची किंमत होती १८ हजार रुपये. आयात कर ऐंशी टक्के. त्या काळात एवढ्या पैशांत घराचं बरंच काही होत असे. म्हणून आपल्याकडे आली ती फॅमिकॉमची नक्कल. लॅमिंग्टन रोड, मनीष मार्केट, पुण्यात तापकीर गल्ली, गावाकडे जत्रेतला किंवा आठवडी बाजारातला स्टॉल. नाव एकच, 'टीव्ही गेम'. दोन रिमोट, एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट, जिच्यावर '९९९९ इन १' लिहिलेलं असायचं आणि आत मोजून दहा-वीसच गेम फिरून फिरून यायचे.

नक्कल रशियात 'डेंडी' नावानं गाजली. चीनमध्ये 'सुबोर'नं तिला कीबोर्ड जोडला आणि 'अभ्यासाचं यंत्र' म्हणून विकलं. कीबोर्डची मूळ कल्पना निन्टेन्डोचीच. १९८४ मध्ये जपानमध्ये 'फॅमिली बेसिक' नावाचा कीबोर्ड निघाला होता. त्यावर मुलं स्वतः छोटे प्रोग्रॅम लिहायची आणि ते गाण्याच्या कॅसेटवर टेपरेकॉर्डरनं साठवायची. आपल्याकडेही कीबोर्डवाला टीव्ही गेम पुष्कळ घरांत आला आणि त्यामागे एकच युक्तिवाद असायचा, 'बाबा, हा गेम नाही, कॉम्प्युटर आहे. टायपिंग शिकता येतं!' रॉबला पुढे करून निन्टेन्डोनं अमेरिकन दुकानदारांना जे पटवलं, तेच आपल्या पोरांनी कीबोर्ड पुढे करून आईबाबांना पटवलं. फरक एवढाच की रॉबची गोष्ट आज पुस्तकांत आहे. कीबोर्डची गोष्ट फक्त आपल्या घरच्यांच्या डोक्यात आहे.

आणि काळजीची बाब ती हीच. निन्टेन्डोच्या प्रत्येक बटणाची नोंद कुणीतरी ठेवलीय. अमेरिकेत रॉचेस्टरला स्ट्राँग म्युझियम ऑफ प्ले आहे, बर्लिनला कॉम्प्युटर गेमचं संग्रहालय आहे, इंग्लंडमध्ये शेफिल्डला आहे. आपल्या टीव्ही गेमच्या खोक्यावर मात्र बहुतेक वेळा धड कंपनीचं नावही नसायचं. तो कुठे जोडला गेला, कुणी आणला, कितीला विकला, तासावर भाड्यानं कोण द्यायचं, गल्लीतल्या कुणाकडे पहिला आला, बंदुकीसाठी नंबर कसे लागायचे, बिघडला की कोण दुरुस्त करायचं, यातलं काहीच एखाद्या कंपनीच्या कपाटात सापडणार नाही. कारण कंपनीच नाही. ते सगळं आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या लोकांच्या आठवणीत आहे आणि माळ्यावरच्या एका पिशवीत आहे. दिवाळीची साफसफाई आली की ती पिशवी आधी जाते.

आठवणींचं पॅकेट

दरम्यान, नॉस्टॅल्जियाचा बाजार जोरात आहे. निन्टेन्डोनंच २०१६ मध्ये जुन्या मशीनची चिमुकली आवृत्ती काढली, आत तीस गेम. डक हंट त्यात नाही. बंदूकच चालणार नाही तर गेम देऊन काय करणार? ऑनलाइन साइट्सवर शेकडो गेम भरलेले स्वस्त डबे मिळतात, थेट एचडीएमआयला जोडायचे. घ्यायला हरकत नाही, वेळ मजेत जातो. पण त्यात काय निवडलं जातंय ते बघा. जे नव्या टीव्हीवर चालतं, दोन बटणांत बसतं आणि आधीच लोकप्रिय आहे, तेवढंच. ओरडायचं, उन्हात जायचं, हातमोजा चढवायचा, टीव्हीला कागद चिकटवायचा, असलं सगळं गाळलेलं. असं करत करत एक दिवस आपल्याला वाटायला लागेल की जुने गेम म्हणजे दोन बटणं आणि एक फुली, बस्स.

यात नुकसान काय? नुकसान असं की आपण फक्त जिंकलेल्या गोष्टी लक्षात ठेवायला शिकतो. गेमबॉय आणि झॅपर बंदुकीमागचे निन्टेन्डोचे गुनपेई योकोई यांचं एक सूत्र प्रसिद्ध आहे. जुनं, स्वस्त, सगळ्यांना कळलेलं तंत्रज्ञान घ्या आणि ते भलत्याच कामाला लावा. फोटोसेन्सर काही नवा नव्हता. त्यांनी तो बंदुकीत घातला, मग रोबोच्या डोळ्यांत घातला. याच योकोईंचा 'व्हर्च्युअल बॉय' १९९५ मध्ये सपशेल आपटला. इंजिनीअरिंग, डिझाइन किंवा अॅनिमेशन शिकणाऱ्या तुमच्यापैकी कितीतरी जणांना यशस्वी गेम बघून जेवढं शिकता येईल, त्याहून जास्त हा फसलेला रोबो उघडून शिकता येईल. तो उघडायला कुठेतरी शिल्लक असला म्हणजे झालं.

'एवढं काय त्यात?'

हा प्रश्न येणारच आणि तो रास्तही आहे. नोकऱ्या नाहीत, परीक्षांचे निकाल लांबतात, होस्टेलचं भाडं वाढतंय, आणि इथे प्लॅस्टिकच्या बंदुकीचं कौतुक? शिवाय गेमनं अभ्यासाचं वाटोळं केल्याचं आपण घरोघरी ऐकलेलंय.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. शाळेच्या सहलीत बघितलं नसेल तर एकदा जाऊन या. तिथे दिवे आहेत, अडकित्ते आहेत, अंग घासायच्या वज्री आहेत, फण्या आहेत. रोजच्या वापरातल्या साध्यासुध्या वस्तू. डॉ. दिनकर केळकर त्या गोळा करत हिंडत होते, तेव्हा 'अडकित्त्यात काय बघायचंय?' असं म्हणणारे भेटले नसतील का? आज त्याच अडकित्त्यासमोर उभं राहून आपल्याला कळतं की शंभर वर्षांपूर्वीच्या घरात माणसं संध्याकाळी कशी बसत होती. टीव्ही गेमची बंदूक हा आपल्या आधीच्या पिढीचा अडकित्ता आहे. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी दहा बाय बाराच्या खोलीत सात पोरं कशी बसायची, ते ती सांगते. पुस्तकातल्या उदारीकरणाच्या धड्यात हे नाही.

नोकरीचा प्रश्न बंदूक सोडवणार नाही, कबूल. पण ती जपायला पैसेही लागत नाहीत. एक रविवार लागतो.

मग करायचं काय?

तर हा रविवार असा घालवा.

माळा उघडा. टीव्ही गेम, रिमोट, बंदूक, कॅसेट, पिन, जे सापडेल ते खाली काढा. जुने सेल आत असतील तर आधी बाहेर काढा, ते पाझरून सगळं खातात. खोकं सापडलं तर ते सोन्याहून मोलाचं, कारण किंमत, नाव, ठिकाण त्याच्यावरच असतं. वस्तूचा पुढून, मागून, तळाच्या स्टिकरसकट फोटो काढा.

कॅसेट चालत नसेल तर फुंकर मारू नका. हो, ती आपली राष्ट्रीय सवय आहे, पण फुंकरीतली वाफ पिनांना गंज आणते. खुद्द निन्टेन्डो हे सांगत आलंय. फुंकून चालू व्हायची ती बहुतेक वेळा काढून परत बसवल्यामुळे. कापूस आणि दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, पूर्ण सुकू द्या.

मग घरातल्या मोठ्यांना पकडा. फोनवर रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा. कुठून आणला, कितीला, कोण रागावलं, कोण जिंकायचं, शेवटचा कधी लावला? आईला मुद्दाम विचारा. 'आमच्या वेळी मुलींना बंदूक द्यायचेच नाहीत' असं काही ऐकायला मिळालं तर ते जास्त नीट लिहून ठेवा. अशा गोष्टी रीलवर येत नाहीत.

गावात, आजोळी अजून डब्बा टीव्ही असेल आणि तो चालत असेल, तर तो सहजासहजी जाऊ देऊ नका. पण त्याची मागची बाजू स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही आत जिवावर बेतेल एवढा विजेचा दाब राहू शकतो. तो काढून टाकायचीच वेळ आली तर नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या. त्याच्या काचेत शिसं असतं, ती फोडून रस्त्यावर टाकणं म्हणजे आपल्याच पाण्यात विष कालवणं.

आणि कॉलेजवाल्यांनो, तुमच्या फेस्टमध्ये 'रेट्रो कॉर्नर' असतोच. दरवर्षी तिथे लॅपटॉपवर मारिओ लावलेला असतो. यंदा एक खरा डब्बा टीव्ही आणा, एक खरी बंदूक आणा आणि शेजारी तुमच्या विद्यार्थ्यांच्या घरून मिळालेल्या वस्तू, फोटो आणि चार ओळींच्या आठवणी मांडा. इलेक्ट्रॉनिक्सवाले दुरुस्ती करतील, मराठीवाले आठवणी लिहून घेतील, मास मीडियावाले शूट करतील. आपल्या टीव्ही गेमची पहिली नोंदवही एखाद्या कॉलेजच्या पोरापोरींनी केली, तर त्यासाठी कुणा परदेशी म्युझियमची परवानगी लागणार नाही.

बदकं कुठे जात नाहीत. ती फाइलमध्ये सुखरूप आहेत, पुढची पन्नास वर्षं उडत राहतील. दिवाळीच्या साफसफाईआधी वाचवायची आहे ती बंदूक.